या घरात नेहमी एक आत्या असते

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची! बस तीन तास उशिरा, पिशवीचा बंद तुटलेला, उजव्या चपलेने वाटेतच मान टाकलेली. पण घर पाहिलं आणि सगळा शीण पळाला. दुमजली, ऐसपैस, जिकडे बघावं तिकडे खिडक्या. मला वरची पूर्वेकडची खोली दिलीय. टेबल, दिवा, लोखंडी पलंग आणि एक कपाट, ज्याचं दार चक्क नीट लागतं. गेल्या सात कामांत असं कपाट नशिबी आलं नव्हतं.

काम नेहमीचंच. घर विकायचंय. वकीलसाहेबांचं म्हणणं, गेल्या शंभर वर्षांत इथे कोण कोण राहिलं आणि त्यांचं पुढे काय झालं हे कागदावर आल्याशिवाय व्यवहार नाही, नाहीतर उद्या कुठूनतरी एखादा वारस उगवायचा. माझी पद्धत साधी आहे. माणशी एक कार्ड. आला कधी, गेला कधी, नातं काय, मुलंबाळं किती. आधी सगळं पेन्सिलीने. दोन कागद आणि एका जिवंत माणसाची साक्ष जुळली, की मगच शाई. कामाच्या पहिल्या दिवशी छपराखाली जो कोणी असेल त्याचंही कार्ड करायचं, हा वकीलसाहेबांचा नियम. म्हणून पहिलं कार्ड माझंच केलं आणि नात्याचा रकाना कोरा सोडला.

घरमालक उंच आहेत आणि फार मऊ बोलतात. त्यांच्या बायकोने आल्या आल्या चहा दिला आणि चपलेची चौकशी केली. दोन मुली. थोरली बारा वर्षांची, धाकटी माझ्या ठकीएवढी, आठची. तासाभरात दोघी मला मावशी म्हणायला लागल्या.

ठकीशी फोनवर बोलले. मामी वेण्या फार घट्ट घालते, अशी तक्रार आहे. माझ्या भावाला मूल नाही, त्यामुळे दोघं तिला तळहातावर ठेवतात, पण लेक शेवटी दुसऱ्याच्या घरी असते ती असतेच. तिचे बाबा गेल्यापासून दर कामाला हेच चाललंय. हे काम धड झालं तर वकीलसाहेब मला कचेरीत कायमचं घेणार आहेत. मग ठकीला कुठे ठेवायला नको. सोळा तारखेला तिला आणायला जायचंय.

बुधवार, ५ तारीख

दोन दिवसांत एकेचाळीस कार्डं! नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने आधी तोंड वाकडं केलं, मग माझा उरक पाहून स्वतःच खुर्ची दिली.

सगळी माणसं जागच्या जागी बसली, एक सोडून. घरमालक त्यांच्या आत्याबद्दल भरभरून बोलतात. तिने त्यांना सायकल शिकवली, नखं कापली, शाळेत दांडी मारली तेव्हा पाठीशी घातलं. पण जन्माच्या नोंदीप्रमाणे त्यांच्या आजोबांना तीन मुलगे. मुलगी नाहीच. मग ही आत्या आली कुठून? विचारलं, तर ते नुसते हसले. म्हणाले, त्यांच्या वडिलांनाही एक आत्या होती, तीही फार प्रेमळ होती. त्या पिढीच्या नोंदी काढल्या. मुलगेच.

असा गुंता सापडला की मला भूक लागत नाही. घरमालकांच्या बायकोने ताट झाकून ठेवलंय.

शुक्रवार, ७ तारीख

गुंता सुटला, पण मनासारखा नाही.

या घरात दर पिढीला बाहेरून एक बाई कामासाठी आली. पहिली शिवणकामाला, महिनाभरासाठी. दुसरी शाळेतली शिक्षिका, भाड्याने राहिली. शाळेच्या हजेरीत तिच्यापुढे ‘रजेवर’ एवढंच लिहिलंय, पुढची सगळी पानं रजेवर. तिसरी परिचारिका. घरमालकांच्या आजोबांचं हाड मोडलं होतं, त्यासाठी अकरा दिवस. तिघींच्या येण्याच्या तारखा आहेत. जाण्याच्या नाहीत. तिघींचा मृत्यू याच घरात, चांगल्या पिकल्या वयात, आणि तिन्ही नोंदींत एकच मजकूर: अविवाहित, या घरची लेक.

कारकून म्हणाला, चूक असेल. तीनदा एकच चूक कोण करतं?

शनिवार, ८ तारीख

परिचारिकेचा भाऊ हयात आहे. ऐंशीच्या पुढचा, घड्याळं दुरुस्त करतो, हात अजून स्थिर. त्याला साक्ष विचारायला गेले.

त्याने काम खाली ठेवलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. अकरा दिवस झाले, बहीण परतली नाही, म्हणून तो तिला आणायला गेला होता. दार तिनेच उघडलं. पाणी दिलं आणि नम्रपणे विचारलं की आपल्याला कोण हवंय. त्याला वाटलं थट्टा करतेय. पण तिचं खोटं बोलणं त्याला लहानपणापासून ओळखता यायचं, आणि ती खोटं बोलत नव्हती. तिसऱ्या खेपेला ती त्याला घाबरायला लागली. मग त्याने जाणं सोडलं. शेवटी त्याने विचारलं, मी कुठे उतरलेय. मी सांगितलं. त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

परत आले तेव्हा धाकटी फाटकाशी झोके घेत होती. आत्या आली, असं आत ओरडून सांगितलं तिने.

आता हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण मावशी कुणालाही म्हणतात. भाजीवाली मावशी, शाळेतली मावशी, बसमध्ये शेजारी बसलेलीसुद्धा मावशी. आत्या परक्या बाईला कुणी म्हणत नाही. आत्या व्हायला त्या घरात जन्मावं लागतं.

बसवत नाही. खोलीत इकडून तिकडे फेऱ्या मारतेय. जावं का निघून? पण काम अर्धवट टाकलं तर कायमची नोकरी गेली. आठ दिवस. मन घट्ट करून आठ दिवस.

सोमवार, १० तारीख

दुपारी जेवताना दादा सांगत होते, मी लहानपणी जिन्यावरून पडले आणि पुढचा दात

दादा. मी दादा लिहिलं. घरमालक. घरमालक सांगत होते, की मी सहा वर्षांची असताना त्यांच्या जिन्यावरून पडले. मी म्हटलं, मी गेल्या सोमवारी पहिल्यांदा या घरात आले. सगळे हसले. मीही हसले, तेवढ्यात ती पायरी आठवली. खालून नववी, डावीकडे टवका उडालेली. जाऊन मोजलं. नववी. टवका आहे.

भीती वाटतेय, सरळच लिहिते. आणि एक ठरवलंय. रोज सकाळी ठकीबद्दल सगळं लिहायचं, म्हणजे परिचारिकेचा भाऊ म्हणाला तसं माझं होणार नाही. ठकीच्या डाव्या भुवईत खूण आहे, टेबलाचा कोपरा लागला होता. तिला दुधावरची साय चालत नाही. झोपताना माझा कान धरते. पावसात जन्मली, पहाटे, आणि रडायच्या आधी शिंकली.

मंगळवार, ११ तारीख

भुवई. साय. कान. शिंक. सगळं आहे.

कार्डांचा गठ्ठा उघडला. माझं कार्ड शाईने भरलेलं. नातं: आत्या. गेली कधी: कोरं. अपत्य: नाही.

अक्षर माझंच आहे.

फाडलं. बारीक तुकडे केले.

बुधवार, १२ तारीख

फोन केला. ठकी खुशीत होती. वेण्या छान घातल्यात म्हणाली, आईने घातल्या. मी विचारलं कुणी, तर म्हणाली आईने, आणि मग म्हणाली, आत्या, तू कधी येणार?

मी फोन भावाला द्यायला सांगितला. ओरडले त्याच्यावर, हा कसला पोरकटपणा शिकवलास म्हणून. तो गोंधळला. मग समजुतीच्या सुरात बोलायला लागला. म्हणाला, आमच्या ठकीवर तुझा जीव आहे हे आम्हाला ठाऊक आहे, तू एकटी असतेस, कामाचा ताण होतो. त्याच्या बायकोने मागून विचारलं, काय झालं वन्संना.

माझ्या भावाचं खोटं बोलणं मलाही ओळखता येतं.

गुरुवार, १३ तारीख

निघाले. नोकरी गेली खड्ड्यात. सामानही घेतलं नाही. भर दुपारी स्थानकावर. खिडकीतल्या माणसाने तिकीट देताना विचारलं, काय आत्या, आज कुठे दौरा? बसले. डोळे मिटले नाहीत, शपथेवर सांगते, एकदाही नाही. कंडक्टर म्हणाला, आत्या, तुमचं घर आलं.

फाटक. खिडक्या. वहिनी दारात, चहा घेऊन.

शुक्रवार, १४ तारीख

भुवई, साय, कान, शिंक. मी काहीच विसरलेले नाही! तेच तर. ती परिचारिका विसरली आणि तिचा भाऊ लक्षात ठेवून बसला. मी माझं टोक घट्ट धरलं, तर यांनी ठकीच्या हातातलं टोक सोडवलं. रोज लिहीत बसले. रोज इथूनच धरत बसले. तिला कोण सांगणार होतं —

वकीलसाहेबांना फोन केला. म्हणाले, विक्री रद्द झाली, दादांनी कळवलं. मग म्हणाले, घरच्याच माणसाने एवढी कार्डं करून ठेवली हे छान झालं.

शनिवार, १५ तारीख

वहिनी म्हणाली, उद्या तुझा भाऊ येतोय सहकुटुंब. कुणी बोलावलं? तिनेच. ठकीला सुट्टीभर इथे ठेवून घेऊ म्हणाली. धाकटीला सोबत होईल.

मी म्हटलं नको. पाय धरले तिचे.

तिने उठवलं मला, डोळे पुसले. एकदा राहिली की रमेल ती, म्हणाली. तू नाही का रमलीस.

रविवार, १६ तारीख

अकरा वाजता आले. गाडीतून ठकी उतरली. पिवळा फ्रॉक. उंची वाढलीय. भुवईतली खूण तिथेच. धावत आली, मला मिठी मारली. आत्याला मारतात तशी. लगेच सुटली. धाकटीकडे पाहत होती.

आत नेऊ दिलं नाही मी. दारातच उभी राहिले. फार वाईट बोलले. मला पोरांचा कंटाळा आहे, हट्टी पोरं मला खपत नाहीत, परत कधी आणू नका हिला. ठकीचा ओठ थरथरला. थरथरला की दोन मिनिटांत रडते. मला माहीत आहे. मलाच माहीत आहे.

भाऊ चिडला. तिला उचललं, गाडीत घातलं, दार आपटलं.

वर पळत आले. खिडकीतून पाहिलं. गाडी वळणावर — गेली. गेली! वाचली. मला आत्या म्हण, काही म्हणू नकोस, विसर मला, पण तिकडे राहा. तिकडेच राहा बाई माझी.

रडू आवरत नाहीये. पण हात हलका झालाय. लिहितेय.

खाली मुली खेळतायत. हसतायत. थोरलीचं हसणं जाड आहे. धाकटीचं चिरकं. आणि

नाही. गाडी गेली. मी पाहिली ना गाडी. तिला आत घालताना पाहिलं, दार —

परत. तिसरं हसू.

वहिनी विचारतेय कुणाला तरी, दुधावरची साय काढू का म्हणून. आणि ती म्हणतेय, हो, मला साय —