शिसं वितळवायचं भांडं

तीर्थरूप मामांना भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्याला मलम आहे, म्हणून जरा हलकेच जोडलेत). तुमची कंबर कशी आहे? मामींचा राग कसा आहे? मी मजेत. पोरगा टायरच्या दुकानात कुजतोय असं समजू नका, माझा स्वतःचा धंदा सुरू होतोय.

त्याचं असं झालं. चाकं बॅलन्स करताना जुनी शिशाची वजनं निघतात, ती आमचा मालक कचऱ्यात फेकतो (बावीस वर्षं दुकान चालवतोय, पण डोक्याचं पॅकिंग अजून फोडलेलं नाही). ती वितळवून मासे धरणाऱ्यांच्या गळाला लावायची वजनं ओतावीत, हे मला सुचलं. गळ-दोरीवाला दुकानदार म्हणाला, सोमवारी दोनशे नग आण, नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस. आणली तर टायर सुटले, नाहीतर जन्मभर लोकांची चाकं फिरवायची. अडलं कुठे, तर भांड्यापाशी.

खोलीतला जोडीदार, ज्याला आम्ही प्रोफेसर म्हणतो (बारावीला तीनदा बसला, म्हणजे आमच्यात तोच शिकलेला), म्हणाला, "अॅल्युमिनियमचं घे, हलकं असतं." जसं काही मला ते डोक्यावर घेऊन नाचायचं होतं. तरी घेतलं. शिसं पुरतं वितळायच्या आत पातेल्याचं पोट सुटलं आणि एक कान गळून पडला. प्रोफेसर म्हणतो, "आच जास्त झाली." म्हटलं, "अक्कल कमी पडली."

मग जुन्या भांड्यांच्या दुकानात गेलो. तो इसम प्रत्येक भांडं बोटाने वाजवून कान लावतो, जणू भांडं त्याला घरातली भांडणं सांगतंय. एक पितळी तपेली वाजवून म्हणाला, "नवं बूड बसवलंय, नातवंडांना पुरेल." बूड डाख देऊन जोडलेलं होतं, आणि डाख कशाचा, तर त्यात निम्मं शिसंच. आतलं वितळलं तसं जोडावरचंही वितळलं. भाऊबंदच ते, गळ्यात गळे घालून निघाले. बूड खाली, शिसं खाली, आणि त्याच्याही खाली घरमालकाची डावी चप्पल. ती आता फरशीची झाली. घरमालक रोज उजवी घालून येतो, तिच्याकडे बघतो आणि जातो. त्याचं ते बघणंच मला आवडत नाही.

शेवटी स्वतःचं डोकं चालवलं. जाड, अखंड लोखंड. ना सांधा, ना लेप. त्यात शिसं असं आरशासारखं झालं की मला माझी दाढी दिसली. हात भाजला तो प्रोफेसरमुळे. त्याने वजनं स्वच्छ असावीत म्हणून धुऊन ओलीच टाकली, आणि शिसं उडालं. असल्या माणसाला परीक्षेत नापास करणाऱ्यांचे मी पाय धरीन.

आईला आणि मामींना नमस्कार, पोरांना गालगुच्चे.

तुमचा, लवकरच मालक होणारा,
भाचा

ता. क. लोखंड म्हणजे आईने निघताना दिलेली कढई. तिच्या आईची, म्हणजे तुमच्याही. शिसं लागलेल्या भांड्यात आता काही शिजवायचं नाही, विष असतं ते (प्रोफेसरला हे ठाऊक होतं, पण त्याने ओतून झाल्यावर सांगितलं). आई पुढच्या आठवड्यात तुमच्याकडून इकडे येणार, आणि आल्या आल्या तीच शोधणार. तिच्या जोडीची कढई मामींकडे आहे, ती तेवढी पाठवून द्या. मामींना विचारू नका, सांगू तर मुळीच नका.

ता. क. दुसरा. आज सोमवार. दुकानदाराने वजनं तळहातावर तोलली, म्हणाला एक दुसऱ्यासारखं नाही, आणि सगळी ठेवून घेतली. वर आणखी पाचशे सांगितली. म्हणजे आमची कढई काही घरी परत येत नाही.

ता. क. तिसरा. चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलंय. तुम्ही पत्र आधी मनात वाचत नाही, आई आणि मामी समोर बसल्या की थेट मोठ्याने सुरू करता, हे आत्ता ध्यानात आलं. या हाताने पुन्हा सगळं लिहिणं होणार नाही. तेव्हा आई, येताना एक कढई घेऊन ये. मामी, तुमच्याकडची असली तर उत्तम.