खाटेशेजारची जागा

बाई, संस्थानच्या दवाखान्यात बाळंतिणींसाठी वेगळी खोली झाली. अडलेल्या बाळंतपणाचं शिक्षण घेतलेल्या एक डॉक्टरीणबाई मुंबईहून आल्या आहेत. तुम्ही इथल्या एकट्या नर्स होतात तेव्हा एकाच दालनात धोतराचा आडपडदा लावून आपण बायकांची सोय करायचो. आज सगळे नव्या खोलीचं कौतुक करत होते आणि मला मात्र सूर्यमाळ गावचा तो माणूस आठवत होता.

नवरा गेल्यावर मी माहेरी साखरशेतला परतले होते. डोंगरातली बोली येते म्हणून तुम्ही मला हाताखाली घेतलंत. त्याच उन्हाळ्यात सूर्यमाळच्या त्या माणसानं आणि त्याच्या भावांनी त्याच्या बायकोला झोळीतून आणलं. मूल आडवं आलं होतं. नातेवाइकांनी फाटकाबाहेर थांबायचं, हा डॉक्टरसाहेबांचा नियम. दुपारी ती गेली, मूलही गेलं. बाहेर जाऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं, देवाची मर्जी म्हणाले आणि घाईनं आत आले. तुम्ही हात धूत होतात. तो काय म्हणाला, असं विचारलंत. काहीच नाही, मी म्हटलं.

"मग तू आत कशाला आलीस?"

तुमचा आवाज चढला नव्हता, पण मला तोंड वर करवेना. तुम्ही मला घेऊन बाहेर आलात आणि त्याच्याजवळ मातीतच बसलात. त्याची बोली तुम्हाला कळत नाही, तुमचं पुणेरी बोलणं त्याला कळत नाही. तुम्ही नुसत्या बसून आहात. भाऊ झोळी पुन्हा बांधतायत. बऱ्याच वेळानं तो जमिनीकडे बघत म्हणतो, "ती माला हाका मारत होती. माला आत नाय जाऊ दिला." मी ते तुम्हाला सांगितलं. नियम तुमचा नव्हता, तरी तुम्ही त्याच्यापुढे हात जोडलेत.

संध्याकाळी तुम्ही डॉक्टरसाहेबांकडे गेलात. गर्दीनं रोग पसरतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तुम्हीही ते मान्य केलंत, पण हातपाय धुऊन एक माणूस तरी खाटेशेजारी बसू द्या, म्हणून हटून बसलात. ते नाखुशीनं हो म्हणाले. मग हळूहळू पोशेऱ्याकडचे, मोखाड्याकडचे लोक वेळेवर येऊ लागले. इथे आपलं माणूस एकटं पडत नाही, असं ते एकमेकांना सांगत.

तुम्हाला तो शेवटचा ताप आला तेव्हा पुण्याला तुमच्या भावाला तार केली. त्यांना येता आलं नाही. मी तुमच्या खाटेशेजारी होते. तुम्ही मला दोनदा आई म्हणून हाक मारलीत, आणि दोन्ही वेळा मी ओ दिली.

आता मी दवाखान्यामागच्या खोलीत राहते. लोक मला मावशी म्हणतात, माणूस गेलं की मलाच बोलावतात, आणि मी जाते. नव्या डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या, मावशी, तुम्हाला एकटेपणाची सवय झाली असेल. मी मान हलवली, कारण त्यांना गडबड होती. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. सवय झालेली नाही, बाई.