चाकोकाकांनी नाव घेतलं न्हाई

ती. आईस, लेकाचा पायावर माथा.

मी बरा हाय. केरळात भात लय, भाकरी न्हाई. तुझा गुडघा काय म्हणतोय?

गलाईच्या दुकानात माझ्याकडनं चूक झाली. सोनं आटवायची मूस मी साफ केली न्हाई, दोन गिऱ्हाइकांचं सोनं मिसळलं. जोडीच्या चाकोकाकांना म्हटलं, "काका, गप ऱ्हावा. कुणाला कळतंय?"

काका ख्रिस्ती, आपली मराठी शिकलेले. म्हणाले, "आत देव बोलतोय रं. त्याला गप कसा करू?" आन् दोन्ही गिऱ्हाइकांना सांगून टाकलं.

चूक त्यांचीच समजून मालकानं त्यांनाच घरी बसवलं, तरी काकांनी माझं नाव घेतलं न्हाई. असा माणूस मी बघितला न्हवता, आई.

दोन दिवस माझ्याबी आत कोणतरी बोलतंय. आता मालकाकडंच निघालोय. काम गेलं तर दारात दिसेन, रागावू नको.

तुझा,
उदयसिंह