अठ्ठावीस इंचांचा ओटा

बाबा, तुम्ही बांधून घेतलेला स्वयंपाकघरातला ओटा मी फोडला. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सुचेल.

तुम्ही गेल्यापासून आई या घरात एकटी राहते आणि मी तिकडे बेसाला माझ्या फ्लॅटमध्ये बसून तिची काळजी करते. म्हणून घर विकायचं ठरवलं. दलाल म्हणाला, स्वयंपाकघर तेवढं नवं करा, ग्रॅनाइट बसवा, ओटा चारचौघांसारखा उंच घ्या. लाखभर खर्च येईल, पण भाव अडीच लाखांनी वाढेल. तुम्ही जन्मभर बांधकाम खात्यात इमारतींची एस्टिमेटं काढली, तेव्हा मीही वही घेऊन बसले. सिमेंट, दगड, मजुरी, सगळं मांडलं. आई आठ दिवस रामटेकला मावशीकडे गेली होती, तेवढ्यात काम उरकून घेतलं.

जुन्या ओट्याचं माप घेतलंत तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मी शाळेतून आले आहे, दप्तर अजून पाठीवरच. तुम्ही आईला कोऱ्या भिंतीपुढे उभं करून हवेतच पोळी लाटायला लावता. ती लाजते, तरी लाटते, आणि तुम्ही तिच्या हाताखाली खडूनं रेघ ओढता. अठ्ठावीस इंच. मला हसू येतं, तर तुम्ही माझ्यावरच डोळे वटारता. मिस्त्री कुरकुरतो, एवढा बुटका ओटा कोणी करत नाही, उद्या घर विकायची पाळी आली तर गिऱ्हाईक नाक मुरडेल. तुम्ही टेप गुंडाळत म्हणता, "इथं माही बायको रांधते गा, गिऱ्हाईक नाई."

मागच्या आठवड्यात गिऱ्हाईक आलं. स्वयंपाकघरात त्यानं डोकावलंसुद्धा नाही. अंगणात पावलं टाकून माप घेतलं, रस्त्याची रुंदी विचारली आणि म्हणाला, घर तर पाडायचंच आहे, भाव प्लॉटचा बोला. म्हणजे माझ्या ग्रॅनाइटची किंमत शून्य. मग तुमच्या ओट्याचीही शून्यच होती का? तीस वर्षं आईला रांधताना खांदे उचलावे लागले नाहीत, ते कोणत्या रकान्यात लिहायचं? तुम्हाला तरी हे सांगता आलं असतं का, कोण जाणे.

आई परत आली. नव्या ओट्यावरून तिनं हात फिरवला, जेवायचा पाट आणून खाली ठेवला आणि त्यावर उभी राहून चहा टाकला. मी काही बोलणार, तर म्हणाली, "राहू दे वं. तुले इकायचंच आहे न, मंग बरोबर आहे."

दलालाचे फोन येतात, मी उचलत नाही. ओटा परत खाली घ्यायला किती लागतील, हे मिस्त्रीला विचारलं आहे. पण आई आता वाकली आहे, तुमचं माप चालायचं नाही, आणि नवं घ्यायला तिच्यापुढे जायची मला लाज वाटते. हे पत्र कुठे टाकणार, वहीतच राहील. घर विकू का, हे मी दलालाला विचारलं, नवऱ्याला विचारलं. आईला अजून विचारलेलं नाही, बाबा.