तू येतोस, तर मी निघते

मुरुगवाडा, रत्नागिरी
१९ जानेवारी २०२५

चि. गौरव यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. बाबांची शुगर आटोक्यात आहे. डावा पाय अजून ओढतात, पण वॉकर धरून अंगणातल्या बाकापर्यंत जातात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत बसतात. मनस्वीचा खोकला गेला का? सानवीचा फोटो बघितला. भुवई तुझ्यासारखीच वर करते.

पत्र आलेलं बघून हसशील. पण फोनवर तू मला स्पीकरवर टाकतोस, मागून मनस्वी बोलते, आणि मध्येच 'ताई, एक मिनिट हां' म्हणून जातोस तो जातोसच. मला एकदा सलग बोलायचं होतं. म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे. सावकाश वाच.

जयगडच्या बंदरातली नोकरी घेऊ की नको, ठाणं सोडून रत्नागिरीत राहणं जमेल का, असं तू विचारलंस. विचारलंस तर खरं सांगते. शेजारच्या भिकाजीकाकांचा जावई रोज जयगडला जाऊन येऊन करतो. सकाळी लवकर गाडी येते, संध्याकाळी अंधार पडायच्या सुमारास परत. थकतो, पण ठाण्याहून ऑफिसला जाताना तू थकतोस त्याहून कमीच. सानवीसाठी शाळा चांगल्या आहेत, बस आपल्या नाक्यापर्यंत येते. इंटरनेट बरं चालतं, मनस्वीचं घरून काम अडणार नाही. पाणी मात्र दिवसाआड. वारा सुटला की वीज जाते. संध्याकाळी जायचं म्हटलं तर मांडवी नाहीतर भाट्ये, तिसरं काही नाही. मनस्वीला पहिले चार महिने आवडेल, मग कंटाळा येईल, मग सवय होईल.

मोठं दुखणं आलं तर कोल्हापूर गाठावं लागतं. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा आपण ते पाहिलंच. म्हणजे मी पाहिलं. आंबा घाटात गाडीच्या प्रत्येक वळणाला मी त्यांचं डोकं धरून बसले होते. तू दुसऱ्या दिवशी आलास.

असो. नोकरी घे असंच मी म्हणेन.

तू मेसेजमध्ये लिहिलं होतंस, 'ताई, आता तू एकटी नाहीस. आम्ही येतोय, बाबांचं सगळं वाटून घेऊ.' ते वाचून मला खरंच बरं वाटलं. हातातलं काम ठेवून मी बाबांना वाचून दाखवायला निघाले होते. मग त्याच्या खालचं वाचलं. मनस्वीला दिवसभर मीटिंगा असतात, तेव्हा सानवीला बसवरून आणणं आणि दुपारचं जेवण ताई बघेल. लॅबमधल्या नोकरीचं काय, अर्धा वेळ करता येईल. माडीवरच्या दोन्ही खोल्या तुम्हाला आणि मी खाली बाबांच्या खोलीत, म्हणजे रात्री त्यांना लागलं सवरलं तर बरं.

तू काय वाटून घेणार आहेस, ते मी मेसेज वरखाली करून शोधलं, गौरव. सापडलं नाही.

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं ते लिहिते. ठरवलं होतं, कारण तू येणार आहेस, एका घरात राहायचं आहे, उगाच कशाला. पण न लिहिता बसले तर जन्मभर पंगतीत तुला वाढत राहीन, आणि ते मला जमणार नाही.

गेल्या दिवाळीआधी लॅबमध्ये एक बाई थायरॉइडची तपासणी करायला आल्या. मी दंडाला पट्टा बांधला, शीर बघितली. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"ओळखलंत का? मी श्रद्धा. दाभोळच्या सागरची बहीण."

मी ओळखलं. दाभोळच्या शाळेतले सागर मास्तर. मला बघायला आले तेव्हा त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आपल्या ओटीवर बसून त्यांनी बाबांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, 'तुम्ही आमच्याकडेच या राहायला, खाडी दिसते घरातून.' मग पंधरवड्यात त्यांच्याकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. तूच मला तो सांगितलास. म्हणालास, 'जाऊ दे ताई, जुन्या वळणाची माणसं आहेत.'

"सागरचं लग्न झालं," श्रद्धाताई म्हणाल्या. "तुम्हाला राग नाही ना?"

"मला कसला राग? नकार तुमच्याकडून आला."

त्या गोंधळल्या. "आमच्याकडून? अहो, तुमच्या भावानेच फोन केला होता. म्हणाले, ताईला मनातून लग्न करायचंच नाही. वडिलांच्या समाधानासाठी हो म्हणते आहे. ती तोंडाने बोलणार नाही, तुम्हीच काहीतरी कारण सांगून मोडा. सागर चार दिवस जेवला नव्हता धड."

मी सुई टोचली. रक्त नीट आलं. कापूस दाबला, हात दुमडायला सांगितला, नळीवर नाव लिहिलं. माझा हात जरासुद्धा हलला नाही, त्याचंच मला नंतर नवल वाटत राहिलं.

तू दिवाळीला आलास, भाऊबीजेला मी तुला ओवाळलं. तेव्हाही बोलले नाही. तू ओवाळणीत साडी घातलीस आणि म्हणालास, 'ताई, तू आहेस म्हणून आम्ही तिकडे निर्धास्त.' ती साडी कपाटात तशीच आहे.

आता माझी बातमी. गुहागरला नवा दवाखाना होतो आहे. तिथली लॅब उभी करायला त्यांनी मला बोलावलं आहे. लॅबमधल्या पोरी हसतात. म्हणतात, मॅडम, माणसं रत्नागिरीतून पुण्याला जातात, तुम्ही गुहागरला काय जाता? मी महिनाभर होय-नाही करत होते, बाबांचं काय या एकाच विचाराने. तुझा मेसेज आला आणि प्रश्न मिटला. तू येतोस, तर मी निघते. एप्रिलमध्ये रुजू व्हायचं आहे. त्याच सुमारास तुला जयगडला हजर व्हायचं आहे. बाबांची औषधं, व्यायाम, डॉक्टर सगळं मनस्वीला समजावून देईन. माडीवरची माझी खोली मी रिकामी करते आहे.

सानवीला गोड पापा.

तुझी,
ताई

—

गुहागर
२८ एप्रिल २०२५

गौरव,

तुझं उत्तर मिळालं. सागर मास्तरांबद्दल तू लिहिलंस, 'तुझ्या भल्यासाठीच केलं, एवढ्या वयात नव्या घरात तुझे हाल झाले असते.' आणि पुढच्याच वाक्यात लिहिलंस, 'शिवाय तू गेली असतीस तर बाबांचं काय झालं असतं?' दुसरं वाक्य खरं आहे. नुसतं तेवढंच लिहिलं असतंस तर मी तुझ्याशी भांडले असते. भल्याची भाषा केलीस, तिथे माझं भांडणही संपलं.

त्यानंतर तू मी लॅबमध्ये असताना बाबांना फोन केलास. मी घरी आले तर ते बाकावर बसून होते.

"गौरव येत नाय," म्हणाले.

"का?"

"तू चाललीस म्हणून. बंदराची नोकरी नको म्हणून कळवलान."

म्हणजे रत्नागिरी लहान पडत नव्हती तुला, पाणी दिवसाआडचं चालत होतं, शाळा चालत होती. मी नसलेली रत्नागिरी तेवढी चालत नव्हती. मग मी बाबांना सागर मास्तरांचं सगळं सांगितलं. मला वाटलं, तुझ्यावर चिडतील. माझ्या डोक्यावरून हात फिरवतील. तू समोर नव्हतास, तेव्हा सगळा न्याय माझ्याच बाजूने होईल असं मी धरून चालले होते.

त्यांनी वॉकर बाजूला सारला. मग माझ्यावरच उसळले.

"त्यानं मला तुझ्या गळ्यात टाकलान. आता तू मला त्याच्या गळ्यात टाकून निघालीस. मी काय कांद्याचा पोता हाय? मला विचारलान कोणी? तू तरी विचारलास?"

मी म्हटलं, "बाबा, मी तुमच्यासाठी राहिले इथे."

"मी राहा म्हटला होता?"

"जा तरी कधी म्हणालात?"

"तू राहिलीस," ते म्हणाले. "मला वाटला तुला राहायचा हाय."

गौरव, तू मला केलेल्या सगळ्या दगाबाजीपेक्षा हे एक वाक्य मला जड गेलं. मी उठून विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी मनात त्यांच्या नावाने त्याग मांडत आले, आणि त्यांच्या लेखी मी मला आवडतं म्हणून घरात राहिलेली मुलगी होते.

संध्याकाळी त्यांनी स्वतः भिकाजीकाकांना हाक मारून बोलावून घेतलं. सिव्हिलमधून निवृत्त झालेले गंगाराम म्हणून एक वॉर्डबॉय आहेत, शेजारच्याच वाडीतले. ते आता आपल्याकडे राहतात. अंघोळ, व्यायाम, औषधं तेच बघतात. डबा भिकाजीकाकांकडून येतो. मी म्हटलं, परक्या माणसाच्या हातात कसे राहाल? तर म्हणाले, "जन्म बोटीवर गेला माझा. परक्याच्याच हातचा खाल्ला तेव्हा. घरच्यांचा हात महाग पडतो, त्याचे उपकार मोजावे लागतात."

मी गुहागरला यायला निघाले त्या सकाळी ते दारापर्यंत आले. रडले नाहीत. मीही नाही. जयगडहून फेरीबोटीने पलीकडे तवसाळला उतरले, तेव्हा मात्र रस्ता बघायच्या ऐवजी मी मागेच बघत राहिले. समोर बंदराच्या क्रेन दिसत होत्या. तू तिथे कामाला आला असतास, हेही मनात येऊन गेलं.

इथे लॅब अजून पुरती उभी व्हायची आहे. एक यंत्र आलं आहे, दुसरं चिपळूणला अडकलं आहे. सुपारीच्या वाडीत एक खोली घेतली आहे. समुद्र इतका जवळ आहे की गाज ऐकून पहिल्यांदा झोप लागेना. दर शनिवारी घरी जाते. बाबा मला बघून खुश होतात, पण गंगारामशी पत्त्यांचा डाव लागला असेल तर तो संपल्यावरच माझ्याशी बोलतात. हे बघून मला आनंद व्हायला हवा. होत नाही. मी नसताना ते बरे आहेत, ही गोष्ट मला अजून पचत नाही, आणि हे तुझ्याखेरीज कुणाला सांगावं असं माणूसही मला नाही, ही त्याहून कडू गोष्ट.

शुक्रवारी तुझा मेसेज आला, 'शेवटी तू बाबांना टाकून गेलीसच.' मी शनिवारी तो बाबांना वाचून दाखवला. त्यांनी पत्ते खाली ठेवले आणि म्हणाले, "त्याला लिही, यायचा तर चार दिवस राहायला ये. पोरीला घेऊन ये. माझी वाटणी करायला नको."

त्यांचा निरोप तसाच्या तसा पोचवला. तू येशील तेव्हा शनिवार-रविवार सोडून ये. मी घरी असेन त्या दिवशी तुझ्यासमोर बसून जेवणं मला आत्ता जमायचं नाही. पुढे जमेल का, माहीत नाही.

सागर मास्तरांची बायको बाळंतपणासाठी माहेरी, इथे गुहागरलाच आली आहे. गेल्या आठवड्यात तिचं हिमोग्लोबिन मीच तपासलं, कागदावर नवऱ्याचं नाव वाचून कळलं. चांगलं आहे. तिला माझं नाव माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

सानवीला माझे अनेक आशीर्वाद सांग. तुला काय लिहायचं ते ठरवत मी बराच वेळ बसले, आणि काही सुचलं नाही. म्हणून खाली नुसतं नाव लिहिते.

नम्रता