खोकला जाईपर्यंत वस्तरा बंद

अहो,

दुकानाची किल्ली शोधत बसू नका, ती माझ्याकडे आहे. पहाटे कुठे तुमचा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. आज दुकान मी उघडतेय. केस कापायला तुम्हीच शिकवलंय मला. दाढीवाल्यांना मात्र परत पाठवीन.

काल तुमच्या टॉवेलवर रक्त दिसलं. ताप उतरला तरी छातीतला कफ हटत नाही, त्यात हे! तुम्हाला विचारायचा धीर होईना. सकाळी दूध आणायला गेले, तर कानाला पट्टी लावून हेडमास्तर समोर उभे. म्हणाले, "कल्ले साफ करताना त्याला खोकल्याची उबळ आली. कान जागेवर आहे हो! पण तोच इतका पांढरा पडला की मी त्याला पाणी पाजलं. म्हणावं, नीट बरा हो, तोवर मी दाढी वाढवतो." मी भर रस्त्यात हसत सुटले, मग रडले. बिचारे गोंधळून गेले.

डॉक्टरांना फोन केला. अशा तापानंतर खोकला काही आठवडे रेंगाळतो म्हणाले, तरी संध्याकाळी छाती तपासायला बोलावलंय. मी लवकर येते, बरोबरच जाऊ. उठलात की वाफ घ्या, पातेल्यात पाणी भरून ठेवलंय.

आणि रात्री उशीत तोंड खुपसून खोकत जाऊ नका. तुमचा आवाज आला नाही, की माझी झोप उडते.