पिठाच्या पेटीतला नवरा

बझांसों, ५ मार्च १८७१

ती. दादास ओदीलचा नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. प्रशियाशी लढाई थांबली, पण यांचा पत्ता नाही. शाळा, चर्च, कोठारं, जिथे तिथे जखमी शिपाई गवतावर निजलेत. जखमींची यादी ठेवणाऱ्या कारकुनाने विचारलं, नवरा दिसतो कसा? मी म्हटलं, उंच, नाक मोठं, पुढचा दात अर्धा. तो म्हणाला, बाई, असली नाकं इथे खंडीभर पडलीत.

यांनी कधी फोटो काढू दिला नाही, ताठ बसवत नाही म्हणून. तेव्हा दादा, तू छापण्यासाठी लाकडावर कोरलेलं ते चित्र पाठव. जुन्या प्रहसनांच्या मालेतलं, बायकोला भिऊन पिठाच्या पेटीत लपलेला नवरा. त्यासाठी तू नमुना म्हणून यांनाच बसवलंस, आणि गावभर हसू झालं म्हणून मी तुझ्याशी महिनाभर अबोला धरला होता. आता तेवढंच एक तोंड माझ्यापाशी उरलंय. वहिनीला नमस्कार. रागावू नकोस, विसरू नकोस.

तुझी
ओदील

एपिनाल, १० मार्च

चि. ओदीलला दादाचे अनेक आशीर्वाद.

मिठाच्या गाडीवाल्याबरोबर चित्राच्या प्रती पाठवतोय. रंगवल्या तुझ्या वहिनीने. रडत रडत रंगवल्यामुळे गाल जरा जास्तच लाल झालेत. नाक मी कोरताना थोडं वाढवलं होतं, गिऱ्हाइकाला तसंच लागतं. विचारताना तेवढं कमी करून सांग.

एक लिहितो, मग हवं तर पुन्हा अबोला धर. फिर्मां माझा मेहुणा नंतर, दोस्त आधी. पण न सापडणं हेही एक उत्तरच असतं, पोरी. आई जेवत नाही. परत ये.

तुझी वाट पाहणारा
तेओफिल

बझांसों, १८ मार्च

ती. दादास सा. न.

परत ये असं तुला लिहवलं कसं? चित्र घेऊन रोज फिरले. शिपाई हसत. पाय तुटलेला एकजण इतका हसला की टाके ताणले जाऊन कळवळला, आणि म्हणाला, ताई, पुन्हा दाखवा. साऱ्यांना हसवून मी रिकाम्या हाताने परतत असे.

परवा देवीच्या रोग्यांच्या कोठारात गेले. खाटेखाटेपाशी चित्र धरलं. कोपऱ्यातल्या एकाचा चेहरा नुसत्या खपल्यांचा, एक डोळा मिटलेला. याला कुठे पाहिलंत का भाऊ, असं मी विचारलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. मी पुढच्या खाटेकडे वळले.

जिन्यात रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या, मठातल्या जोगीणबाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, त्या कोपऱ्यातल्याने डोक्यावरून पांघरूण घेतलंय आणि रडतोय. बाईला सांगा, तिचा नवरा मेला, असं म्हणतोय.

दादा, मी यांना भाऊ म्हणाले.

तेव्हापासून इथेच बसलेय. ते भिंतीकडे तोंड करून पडलेत. मीच बोलते. गाय व्याली, वहिनीने गाल लाल केले, सगळं सांगितलं. खांदे हलले, हसले की रडले, कळलं नाही. आज सकाळी तोंड न वळवताच हात मागे केला. मला वाटलं पाव हवा. पाव ठेवला, तो यांनी खाली पडू दिला, आणि माझा हात धरला. अजून सोडलेला नाही. उजवा आहे, म्हणून हे पत्र जोगीणबाई लिहून देताहेत.

तुझा लोभ आता दोघांवर असू दे.

ओदील